साक्षीदार नंबर चार

फेब्रुवारी संपत आला तरी रीताचे इंग्रजीचे गुण नऊ-दहाच्या पुढे सरकत नव्हते. लॉच्या सीईटीत एकशेवीस प्रश्न, त्यातले चाळीस इंग्रजीचे. मोबाइलवर सराव परीक्षा दिली की कायद्याचे, तर्काचे, सामान्यज्ञानाचे गुण कसेबसे जमायचे. इंग्रजी आलं की सगळं पाण्यात जायचं. परीक्षा मेच्या पहिल्या आठवड्यात होती. तिचं वय एकतीस. बी.ए. होऊन नऊ वर्षं झाली होती, आणि त्या नऊ वर्षांत इंग्रजीशी तिचा संबंध आलाच असेल तर खताच्या पिशवीवरचं नाव वाचण्यापुरता.

चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्यावर धान पिकवणारं तिचं गाव. घरी वडील देवचंद, आई शांतीबाई आणि ती. सकाळी शेतातलं काम, दुपारी जिल्हा परिषदेच्या शाळेच्या पडवीत पुस्तक. शाळेतली पोरं सुट्टीत तिच्याभोवती जमून पाहत, एवढी मोठी बाई कोणत्या वर्गात आहे ते. गावातल्या बायका तोंडावर काही म्हणत नसत, पाठीमागे म्हणत. कोर्टाच्या पायऱ्या चढून चढून पोरीचं लग्नाचं वय गेलं, आता वकिलीण होते म्हणे.

कोर्टाच्या पायऱ्या चढली होती हे खरं. धाकट्या बहिणीसाठी.

हर्षाला सालेकशाकडच्या गावात दिली होती. सोयरीक आणली होती शांतीबाईच्या धाकट्या भावाने, केवलरामने. त्याचंही घर त्याच गावात. नवरा इंद्रकुमार दिसायला सरळ, बोलायला गोड. दोन वर्षांनी हर्षा गेली. धानावर मारायचं औषध पोटात गेलं. सासरचे म्हणाले, स्वतःच्या हाताने प्याली. त्या दिवशी रीता मामाच्या थोरल्या मुलीच्या हळदीसाठी त्याच गावात होती. कोणीतरी सांगत आलं, तशी ती हळदीच्या हातांनी तीन गल्ल्या ओलांडून धावली. अंगणातल्या खाटेवर हर्षा पडलेली, तोंडाला फेस, डोळे उघडे. तिने रीताचा हात धरला आणि म्हणाली, "दीदी, त्यानं तोंड दाबून पाजलं." दुसऱ्यांदा तेच म्हणाली. मागोमाग आलेल्या केवलराममामाने रिक्षा मिळवली, पण दवाखान्याची वाट अर्धी झाली नाही तोच सगळं संपलं.

केस तीन वर्षं चालली. निकाल लागला त्या दिवशी इंद्रकुमार सुटला. सरकारी वकील घाईत होते, दुसऱ्या कोर्टात पुकारा झाला होता. देवचंदने मागे पळत जाऊन विचारलं, साहेब, असं कसं झालं. वकील चालता चालता म्हणाले, "काका, तुमच्याच माणसाच्या साक्षीनं केस पडली." एवढंच.

तुमचाच माणूस म्हणजे कोण, हे घरी येईपर्यंत ठरून गेलं होतं. घरातून साक्षी दोघांच्याच: रीता आणि केवलराम. रीता सख्खी बहीण. केवलराम त्या गावात राहणारा, त्या लोकांच्या बांधाला बांध लागून असलेला, रोज त्यांच्याच दारावरून जाणारा. शांतीबाईने दुसऱ्याच दिवशी भावाला निरोप धाडला की माझ्या दारात पाय ठेवू नको. तरी तो आला. अंगणात उभा राहून म्हणाला, "बाई, मी जे पाह्यलं तेच सांगतलं." शांतीबाईने त्याच्यासमोर दार लावून घेतलं. त्यानंतर तीन भाऊबीजा गेल्या, ओवाळायचं ताट निघालं नाही. दिवाळीत ती चुलीपुढे बसून भावाच्या नावाने बोटं मोडायची, आणि रीता ते ऐकायची. तिलाही ते बोलणं खरंच वाटायचं.

वकील व्हायचं तिच्या मनात आलं ते त्या दिवसांतूनच. कोर्टात इतक्या वेळा गेली, पण तिथे काय चाललं होतं हे तिला कधी कळलंच नव्हतं. जे बोलायचे ते तिच्या बहिणीबद्दल बोलायचे आणि ती मागच्या बाकावर बसून त्यांचे ओठ पाहायची. आपण तिथे मुक्या जनावरासारखे होतो, असं तिला वाटायचं. हे पुन्हा होऊ द्यायचं नाही, एवढंच तिला ठाऊक होतं. पहिल्या वर्षी तिने परीक्षा दिली आणि कुठेच नंबर लागला नाही. हे दुसरं वर्ष. यंदा नाही झालं तर आईने मावशीकडून आलेल्या बिजवराच्या स्थळाला होकार द्यायचं ठरवलं होतं, आणि रीतानेही हो म्हटलं होतं.

इंग्रजीसाठी ती दर रविवारी सायकलने तिरोड्याला जायची, सेवकराम सरांकडे. सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. व्याकरण शिकवून शिकवून ते थकले, मग एका रविवारी म्हणाले की पुस्तकातली बोधकथा वाचून काही होणार नाही. "घरी असं काही इंग्रजी हाये का, का ज्याचा अर्थ लागल्याशिवाय तुला चैन पडणार नाही? रोज त्याचं एक पान वाच."

असं इंग्रजी घरात होतं. निकालाची नक्कल देवचंदने कोर्टातून आणून पेटीत साड्यांखाली ठेवली होती. सत्तावीस पानं. आणली त्या दिवसापासून ती कोणी उघडली नव्हती, कारण घरात ती कोणाला वाचता येत नव्हती आणि वाचून घेण्याची कोणाची छाती नव्हती.

पहिल्या पानाला रीताला तीन दिवस लागले. शब्दकोश एका मांडीवर, मोबाइल दुसऱ्या मांडीवर. एकेक शब्द वहीत उतरवायचा, समोर मराठी लिहायचं, मग वाक्य जोडून पाहायचं. 'डिसीज्ड' म्हणजे मयत. म्हणजे हर्षा. 'अक्यूज्ड' म्हणजे आरोपी. हर्षाचं नाव पहिल्या पानावर एकदा आलं, नंतर सगळीकडे मयतच. पाचव्या पानापर्यंत येता येता दिवसाला एक पान व्हायला लागलं. सराव परीक्षेत इंग्रजीला चौदा मिळाले, मग सतरा. सरांना सांगितलं तर ते खूश झाले. काय वाचतेस हे त्यांनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

मार्चच्या मध्यावर चौदावं पान आलं. त्यावर सरकारी साक्षीदार नंबर तीनची साक्ष होती. नंबर तीन म्हणजे केवलराम. रीताने हात आखडून घेतला. मामाने त्या लोकांच्या बाजूने काय काय सांगितलं, हे आता शब्दाशब्दाने वाचावं लागणार होतं. तरी तिने वाचलं. वहीत मराठी उतरवत गेली आणि चौथ्या ओळीला थांबली. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. शब्द तेच निघाले. साक्षीदार सांगतो की तो अंगणात पोचला तेव्हा मुलगी शुद्धीवर होती, बहिणीशी बोलत होती, आणि नवऱ्याने तोंड दाबून पाजलं असं ती म्हणाली ते त्याने स्वतःच्या कानाने ऐकलं. उलटतपासणीत त्याला खूप फिरवलं, तरी तो हलला नाही.

मामा खरं बोलला होता.

मग तुमचाच माणूस कोण? पडवीत पोरं पाढे म्हणत होती. रीताने पानं उलटली, वही बाजूला टाकली, नुसतं नंबर चार कुठे आहे ते शोधत गेली. एकोणिसाव्या पानावर सापडलं. तो एक परिच्छेद लावायला तिला अर्धा तास लागला असेल, पण अर्थ त्याच्या कितीतरी आधी तिच्या अंगात शिरला होता. साक्षीदार नंबर चार ही मयताची सख्खी बहीण. आधी बहीण बोलल्याचं सांगूनही तिने उलटतपासणीत कबूल केलं आहे की ती पोचली तेव्हा मयत 'ऑलरेडी डेड' होती. मेलेलं माणूस बोलत नाही. सख्खी बहीणच असं सांगत असताना साक्षीदार नंबर तीनवर विश्वास ठेवता येत नाही. मरणापूर्वी मयत बोलल्याची ही गोष्ट 'कन्कॉक्टेड' आहे.

'कन्कॉक्टेड' तिने शब्दकोशात पाहिलं. रचलेली. बनावट.

तो दिवस तिला लख्ख आठवत होता. आरोपीचे वकील नागपूरचे, जज्जसाहेब दूरच्या जिल्ह्यातून नुकतेच बदलून आलेले. वकिलाने अगदी हळू, जवळजवळ मायेने विचारलं होतं, तुम्ही पोचलात तेव्हा तुमच्या बहिणीची अवस्था काय होती? आणि ती म्हणाली होती, "मी गेली तव्हा थे मरून राहिली होती जी."

तिच्या गावात कोणी जेवून राहिला म्हटलं तर तो ताटावर बसलेला असतो. पाऊस येऊन राहिला म्हटलं तर तो चालू असतो. मरून राहिली म्हणजे जीव जात होता, अजून गेला नव्हता. बाहेरच्या जज्जसाहेबांनी मात्र मेलीच होती असा अर्थ घेतला; नागपूरच्या वकिलाला खरा अर्थ कळला असेलच. त्याने एकवार टायपिस्टकडे पाहिलं आणि तो म्हणाला, मला आणखी काही विचारायचं नाही. रीता पिंजऱ्यातून उतरली ती मान वर करून. तिला वाटलं होतं, आपल्या उत्तराने त्याची बोलती बंद झाली. टाइप केलेलं कोणीतरी भराभरा वाचून दाखवलं, बरोबर आहे ना, सही करा. डोळे रडून सुजलेले, कान बंद झाल्यासारखे. तिने मान हलवली होती आणि सही केली होती. रीता देवचंद लांजेवार, पूर्ण नाव, वळणदार अक्षरात.

ती तशीच सायकल काढून तिरोड्याला गेली. रविवार नव्हता. सरांनी परिच्छेद दोनदा वाचला. मग तिने लावलेला अर्थ बरोबर आहे का, या प्रश्नाला त्यांनी फक्त हो म्हटलं. ती उठली तेव्हा ते तिच्यामागे रस्त्यापर्यंत आले आणि सायकलचं हँडल धरून उभे राहिले. शेवटी तिनेच ते सोडवून घेतलं.

त्यानंतरचे पंधरा दिवस रीताने पुस्तक उघडलं नाही. आईला सांगितलं की डोकं दुखतं. ती शेतावर जायची आणि लाखोळीच्या डाळीचं पीक उपटता उपटता मध्येच बांधावर बसायची. एका दुपारी ती तलावाच्या पाळीवर जाऊन बसली. पाणी उतरलेलं होतं, कडेचा चिखल भेगाळलेला. पाण्याकडे पाहताना तिच्या मनात जे आलं ते तिने नंतर कोणाला सांगितलं नाही. खाली म्हशी धुणाऱ्या बाईने विचारलं, काऊन बसून राहिली वो, आणि ती उठून घरी आली.

दुसऱ्या दिवशी ती गोंदियाला गेली. तिथे एका वकीलबाईंकडे, प्रेमिलाताईंकडे, गावातली एक बाई पोटगीसाठी जायची. तिच्याकडून पत्ता घेतला होता. वकीलबाईंनी सत्तावीसही पानं वाचली. त्या रागावल्या, पण रीतावर नाही. निकालावर घरच्या माणसांना स्वतः अपील करता येतं, हे तुम्हाला कोणीच सांगितलं नाही का, असं विचारलं. कोणीच सांगितलं नव्हतं. आता तीन वर्षं होत आली. उशीर माफ करा म्हणून नागपूरच्या हायकोर्टात अर्ज करता येईल, पण तो मंजूर होईलच असं नाही. आणि मंजूर झाला तरी कागदावर जे आहे ते आहे.

रीताने विचारलं, "मॅडम, मी वकील झाली तं हे वाक्य बदलवता येईल का?"

"नाही," वकीलबाई म्हणाल्या. "ते तुमचं वाक्य आहे आणि खाली तुमची सही आहे. झाडीपट्टीत असं बोलतात, हे आपण कोर्टाला सांगू. पटवायचा प्रयत्न करू. पण बदलता येत नाही."

रीताला तिरोड्याची गाडी पकडायची होती. तिने सालेकशाचं तिकीट काढलं.

केवलराममामा अंगणात बैलाच्या दावणीपाशी होता. तीन वर्षांत पार वाळून गेला होता. तिला पाहून त्याने मामीला हाक मारून पाणी मागवलं आणि खाट टाकली. रीता खाटेवर बसली नाही. उभ्यानेच तिने पिशवीतून पानं काढली, एकोणिसावं पान उघडलं, आणि मामाजी, केस तुमच्यानं नाही, माझ्यानं पडली, एवढं म्हणून ते त्याच्यापुढे धरलं.

केवलरामने पानाकडे पाहिलंच नाही. म्हणाला, "माईत हाये मले."

त्याला निकालानंतर आठव्या दिवशीच कळलं होतं. बहिणीने दार लावल्यावर तो एकटाच गोंदियाला गेला होता, सरकारी वकिलासमोर उभा राहिला होता, माझ्या साक्षीत काय चुकलं ते सांगा म्हणून हटून बसला होता. वकिलाने फाइल उघडून सांगितलं, तुझं काही चुकलं नाही, पोरीचं चुकलं.

"मंग सांगतलं काऊन नाही?" रीताने विचारलं. "माय तुमाले तीन साल शिव्या देऊन राहिली."

"तुले समजलं असतं तं तू का केलं असतं?" मामाने विचारलं. रीताला तलावाची पाळ आठवली आणि तिने मान खाली घातली. "एक पोरगी गेली होती. दुसरी कायले घालवू?"

मामी पाणी घेऊन आली होती, ती तांब्या हातात धरून उभीच राहिली. तिलाही हे ठाऊक नसावं. रीता म्हणाली की आता परीक्षा नको, काही नको, बिजवराला हो म्हणून मोकळी होते. तेव्हा मात्र केवलरामचा आवाज चढला. त्याने तिच्याकडे बोट केलं.

"मी माझ्या बहिणीचे शाप खाल्ले. घरात दिवाळी नाही केली. धाकट्या पोरीच्या लग्नात आत्याची साडी नाही आली, बायकोनं सगळ्यायच्या तोंडाकडं पाह्यलं. तू आता घरात बसशील तं थे सगळं फुकट गेलं. जाय, परीक्षा दे. नापास झाली तं झाली." मग खालच्या आवाजात म्हणाला, "बाईले सांगू नोको."

हे त्याचं शेवटचं बोलणं मात्र तिने मानलं नाही. गाडीत बसल्यापासून तिचं ठरलं होतं. घरी आली तेव्हा शांतीबाई अंगणात सूप घेऊन लाखोळी पाखडत होती, देवचंद पोतं शिवत होता. रीताने दोघांसमोर बसून सगळं सांगितलं. मामाने काय साक्ष दिली, आपण काय बोललो, लिहिणाऱ्याने काय लिहिलं, सही कशी केली. मामाला ठाऊक होतं, हेही सांगितलं. शांतीबाई ऐकता ऐकता पाखडत होती. तिने सूप थांबवलं नाही, वर पाहिलं नाही. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "मंजे तूच."

त्यानंतर ती रीताशी बोलली नाही. भांडली नाही, रडली नाही, शिवी दिली नाही; जेवायला वाढायची, ताट पुढे सरकवायची आणि उठून गोठ्यात जायची. घरात तीनच माणसं. त्यातल्या एकाने बोलणं टाकलं की घर किती मोठं होतं, हे रीताला त्या महिन्यात समजलं. देवचंद दोघींच्या मधे निरोप्यासारखा हिंडायचा. एका सकाळी त्याने शाळेच्या पडवीत तिची पुस्तकं स्वतः नेऊन ठेवली. ती गेली आणि वाचायला बसली. वाचलेलं डोक्यात राहत नव्हतं. संविधानाची कलमं आज पाठ केली की उद्या पुसून जात. सराव परीक्षेत एकशेवीसपैकी एक्केचाळीस, मग अडतीस. पेपर जवळ येत होता आणि गुण उतरत होते.

परीक्षेचं केंद्र नागपूरच्या बाहेर एका इमारतीत आलं. देवचंद बरोबर आला. भल्या सकाळच्या गाडीने निघाले, उन्हात दोन रिक्षा बदलून पोचले. फाटकावर बोटांचे ठसे, ओळखपत्र, फोटो. रांगेत सगळी बावीस-तेवीस वर्षांची पोरं, इंग्रजीत बोलणारी. एका मुलीने रीताला विचारलं, आंटी, पेरेंट्स कुठे बसतात? रीताने बाबांकडे बोट दाखवलं आणि स्वतः रांगेत पुढे सरकली.

कॉम्प्युटरसमोर बसली आणि कोपऱ्यात घड्याळ उलटं चालू झालं. पहिली वीस मिनिटं तिला एकही प्रश्न धड वाचता आला नाही. अक्षरं दिसत होती, वाक्य होत नव्हतं. उठून जावं असं दोनदा वाटलं. दार लांब नव्हतं. मग तिने इंग्रजीचा भाग उघडला, कारण तो वाईटच होणार होता आणि तिथे भ्यायला काही उरलं नव्हतं. एक उतारा, एक रिकाम्या जागांचा संच, मग शब्दांचे अर्थ. तिसऱ्या शब्दावर तिची नजर गेली. 'कन्कॉक्टेड'. खाली चार पर्याय.

आजूबाजूला कोणी थांबलं असेल, अंदाजाने टिचकी मारली असेल. तिला अंदाजाची गरज नव्हती. तिने बरोबर पर्याय निवडला. हा एक गुण तिला कशाच्या बदल्यात मिळाला होता, हे त्या खोलीत तिच्याखेरीज कोणाला माहीत नव्हतं. पण त्यानंतर तिला वाचता यायला लागलं. राग होता की काय होतं, कोण जाणे. ती एकामागून एक प्रश्न सोडवत गेली. तर्काचे अकरा प्रश्न राहिले तेव्हा तीन मिनिटं उरली होती. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून तिने ते अकरा न वाचताच भरले.

बाहेर देवचंद उन्हातून सरकत सरकत भिंतीच्या सावलीला जाऊन बसला होता. कसा गेला, असं त्याने विचारलं नाही. गाडीत म्हणाला, "त्या वकीलबाईकडं कधी जायचं? अर्जावर माही सही लागते म्हणत होती ना तू." पुढच्या आठवड्यात दोघं गोंदियाला गेले. देवचंदने सही करण्याआधी रीताला अर्ज मोठ्याने वाचायला लावला, ओळ न ओळ, मराठीत सांगून. वकीलबाईंच्या कचेरीत बाकीचे पक्षकार ताटकळले. दोन तास लागले.

निकाल लागला तेव्हा रीताला एकशेवीसपैकी अठ्ठावन्न मिळाले. वाईटही नाही, चांगलेही नाहीत. पहिल्या यादीत नाव नव्हतं. तोवर रोवणी सुरू झाली. मायलेकी एकाच बांधीत वाकून रोवत होत्या, हातभर अंतराने, आणि मधे शब्द नव्हता. दुसऱ्या यादीतही नाव आलं नाही. मावशीचा निरोप आला, बिजवराकडचे विचारतात. देवचंदने शांतीबाईकडे पाहिलं. शांतीबाईने ऐकलं आणि चुलीत लाकूड सारलं. नागपूरला घातलेला अर्ज अजून सुनावणीच्या बोर्डावर यायचा होता. वकीलबाई म्हणत, वेळ लागेल, आणि आशा फार ठेवू नका.

तिसरी यादी लागली तो दिवस मंगळवार होता. गोंदियात एका कॉलेजात जागा मिळाली होती, शेवटून दुसरी. रीताने मोबाइल बाबांना दाखवला. शांतीबाई तिथेच होती. तिने ऐकलं, आत गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लुगडं बदलून, कोणाला काही न सांगता तिरोड्याच्या स्टेशनकडे चालू लागली. देवचंद मागे गेला तर म्हणाली, येऊ नोको.

ती तिसऱ्या दिवशी परत आली. पायांवर सालेकशाची लाल माती होती. रीता अंगणात भांडी घासत होती. शांतीबाई ओट्यावर बसली.

"मी त्याच्या पाया पडली," ती म्हणाली. भाऊ लहान, ही मोठी. "त्यानं पडू देल्लं."

रीताचा हात राखेत थांबला. चार महिन्यांनी आई तिच्याशी बोलत होती. शांतीबाईने पदराने पाय पुसले, मग तसेच सोडून दिले. कॉलेजात कागद द्यायची शेवटची तारीख कोणती, असं तिने विचारलं. रीताने सांगितलं, सोमवार.

"मंग सोमवारी निंदणाले मी एकटी जाईन," शांतीबाई म्हणाली आणि गाईला पाणी दाखवायला उठली.